जुन्या भिंतीला चुनाच हवा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला की पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण पेठेतून आमच्याकडे फोन यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच असते. ‘चांगला सिमेंटचा गिलावा करून घेतला हो, तरी भिंत ओलीच. आता तर गिलावा फुगून पडतोय.’ आमचं घर गवंडीकाम करणारं. आजोबांनी सुरू केलं, मग वडील आणि काका, आता मी आणि माझा चुलतभाऊ. नवी बांधकामं घेतो आणि जुन्या वाड्यांची दुरुस्तीही करतो. फोनवर जे घाईघाईत सांगावं लागतं, ते आज जरा निवांत सांगते.

‘तरी’ ओली नाही, सिमेंट केलं ‘म्हणूनच’ ओली! वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं, वर पातळ भाजक्या विटांची जाडजूड भिंत, सगळं चुन्यात नाहीतर मातीत बांधलेलं. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढणारच. ती चुन्याच्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, आणि गिलाव्यातून बाहेर पडते आणि भिंत वाळते. वरून सिमेंट थापलं की ही वाट बंद होते. पाणी आत कोंडतं, त्यातले क्षार विटेतच साचून खडे धरतात आणि वीट फोडतात.

कसब्यातल्या एका वाड्याची मागची भिंत आम्ही उघडली, तेव्हा गिलाव्याचे हातभर मोठे तुकडे अख्खे सुटून आले. टणक, कुठे तडा नाही. त्यांच्या मागच्या विटेत मात्र बोट रुतलं, आणि लाल भुगा जोत्यावर सांडत राहिला. गिलावा धडधाकट आणि वीट मेलेली. हे अगदी उलटं झालं. माल, म्हणजे सांध्यात आणि गिलाव्यात भरतो ते मिश्रण, नेहमी विटेपेक्षा नरम हवा. झिजायचं ते दरजेनं झिजावं, कारण दरज पुन्हा भरता येते. पेशवाईतली वीट पुन्हा मिळत नाही.

चुन्याचं काम मात्र सबुरीचं. चुनकळीवर, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीवर, पाणी ओतलं की ती खदखदून उकळते, जवळ उभं राहवत नाही. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून तो चुन्याच्या घाण्यात मळायचा. पूर्वी बैल दगडी चाक ओढायचे, आता मोटर लावतात. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते कागदावर क्वचितच असतं. भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगड होतो. तोवर उन्हानं तो सुकू नये म्हणून ओलं गोणपाट लावून जपायचं.

चुना म्हणजे कच्चं काम, असं म्हणणाऱ्यांना मी खडकवासल्याची आठवण देते. 1879 साली पुरं झालेलं तिथलं मूळ दगडी धरण चुन्यातलं होतं. त्या कामाची कंत्राटं महात्मा फुल्यांनीही घेतली होती. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि सगळा लोंढा खडकवासल्यावर आला. अखेर तेही फुटलं, पण त्याआधी काही तास त्यानं तग धरला. पुण्यातल्या कितीतरी माणसांचा जीव त्या तासांनी वाचवला.

नव्या कामाची रीत वेगळी. तिथे सिमेंटच हवं. वीट भिजवून घ्या, सांधेमोड सांभाळा म्हणजे उभ्या सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, ओळंबा लावा, निदान आठवडाभर पाणी मारा. आरसीसीचा खांब आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी न ठोकता गिलावा केला तर तडा हमखास. हे काम आम्ही मन लावून करतो आणि घरही त्याच्यावरच चालतं. एरवी वाड्याच्या कामात चुना मुरेपर्यंत थांबा, पाऊस आला की थांबा. अशा रिकाम्या दिवसांची मजुरी कोण देणार? आम्ही तीच माणसं नव्या साइटवर नेतो. म्हणून आमचे वयस्कर गवंडी दुसरीकडे गेले नाहीत, आणि त्यांच्या हाताखाली दोन पोरं आज चुना कालवायला शिकली आहेत. मला याचा फार अभिमान आहे. वारसा जपायचा म्हणतात तेव्हा दगडाविटांबद्दल बोलतात. या रोजंदारीबद्दलही बोललं पाहिजे.

तुमचं घर जुनं असेल तर एवढं करा. आडोशाच्या जागी दरजेत खिळा ओढून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर बहुधा चुना आहे, नुसता ओरखडा उठला तर वर सिमेंट आहे. सिमेंट काढायचं ते छिन्नीनं, हलक्या हातानं. ब्रेकर लावाल तर विटाही जातील. उघडी भिंत आधी पुरती वाळू द्या. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी घ्या. आणि कुणालाही काम देण्यापूर्वी हातभर जागेत चुन्याचा नमुना करून मागा. तो महिनाभर बघा, मगच दर ठरवा.

नमस्कार.