बालय्यांचा चेहरा

‘धूमधडाका’ इथं सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. अशोक सराफांचा तो खोटा श्रीमंत बाप, शरद तळवलकरांचा पैशाला भुलणारा सासरा, सिनेमा काढायला निघालेला लक्ष्या. महेश कोठारेंनी १९८५ साली हे आणलं ते हिंदी ‘प्यार किये जा’वरून. पण हिंदीच्याही मागं मद्रास आहे. चित्रपट ‘कादलिक्क नेरमिल्लै’, म्हणजे ‘प्रेम करायला वेळ नाही’. साल १९६४. दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर. दोन वर्षांनी हिंदी अवतारही त्यांनीच केला.

श्रीधर तोवर रडवणारे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध. ‘कल्याण परिसु’ घ्या, किंवा रुग्णालयात घडणारा ‘नेंजिल ओर आलयम’ घ्या, ज्याचा पुढं ‘दिल एक मंदिर’ झाला. रुमाल घेऊनच जायचं. अशा माणसाला विनोदाकडं वळवलं त्याच्या लहानपणच्या मित्रानं, गोपूनं. दोघं चेंगलपट्टूचे, शाळेपासूनचे दोस्त. ‘चित्रालय’ ही श्रीधरांची संस्था. तिचंच नाव गोपूंना चिकटलं, ते चित्रालय गोपू झाले. मला तरी या चित्रपटाचे संवाद लिहिलेले वाटत नाहीत. दोन मित्र एकमेकांची टर उडवताहेत असंच वाटतं.

त्यात पैसा रंगावर. तमिळमध्ये रंग तेव्हा राजेरजवाड्यांच्या नि पुराणातल्या कथांसाठी राखून ठेवलेला. साध्या घरगुती गोष्टीला ईस्टमनकलर? पण कॅमेऱ्यामागं ए. व्हिन्सेंट होते. नायक रविचंद्रन नवा कोरा. नायिकांपैकी कांचना तर हवाईसुंदरीची नोकरी सोडून आलेली. पोल्लाचीजवळच्या आळियार धरणाच्या विश्रामगृहात चित्रीकरण झालं. मालकानं हाकललेला नायक बंगल्यासमोर तंबू ठोकतो आणि दोस्तांना घेऊन मोर्चाच काढतो: ‘विश्वनाथन, वेलै वेण्डुम!’ विश्वनाथन, नोकरी पाहिजे! गंमत म्हणजे राममूर्तींच्या जोडीनं संगीत देणारेही विश्वनाथनच. पेटीवर बसून स्वतःच्याच नावानं घोषणा ऐकताना त्यांना काय वाटलं असेल?

पण मला बोलायचंय ते एकाच प्रसंगाबद्दल. विनोदी नट नागेशचा चेल्लप्पा ‘ओहो प्रॉडक्शन्स’ ही सिनेमा कंपनी काढतो. खिशात दमडी नाही, म्हणून बापाला, म्हणजे त्याच मालक विश्वनाथनला, भुताची गोष्ट ऐकवतो. काळोख, पावलं, दाराची करकर, सगळं तोंडानं. पडद्यावर भूत नाही, जंगल नाही, चांगला उजेड आहे. आणि समोर टी. एस. बालय्या. हे कोण? १९३६च्या ‘सती लीलावती’पासून पडद्यावर असलेले, कित्येक वर्षं लोकांना घाबरवणारे खलनायक. तो माणूस इथं खुर्चीत आक्रसत जातो. आधी कपाळावर आठी, मग डोळे मोठे, मग पाय वर. नागेशची टाइमिंग सगळे वाखाणतात, रास्तच आहे. पण बालय्या घाबरले नसते तर ती निव्वळ नक्कल झाली असती. आपल्याकडं कीर्तनात हुंकार देणारा झोपला की बुवांचं काय होतं, आठवा.

हिंदीत हीच जोडी मेहमूद नि ओमप्रकाश यांची. तोही प्रसंग गाजला. माझं मत विचाराल तर ओमप्रकाश जरा लवकर घाबरतात.

आता तो तमिळ तुकडा लावतो. भाषा नाही कळली तरी अडत नाही. नागेश तुमचं लक्ष खेचेल. तरी दुसऱ्या खुर्चीकडं बघा.