तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'डे'

ही गोष्ट आहे वसतिगृहातल्या पोरांनी जर्मन मोडून घडवलेल्या एका भाषेची. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर पापुआ न्यू गिनी दिसतंय ना, त्याच्या उजवीकडे चंद्रकोरीसारखं एक बेट आहे, न्यू ब्रिटन. आज नाव ब्रिटन आहे, पण 1884 ते 1914 इथे झेंडा होता जर्मन कैसरचा. बेटाच्या एका टोकाला कोकोपो गावाजवळ वुनापोपे नावाची जागा आहे, स्थानिक भाषेत अर्थ 'पोपची जागा', कारण तिथे कॅथलिक मिशन होतं.

वसाहतीत बाहेरून पुरुष आले, बरेचसे युरोपियन, बायका बेटावरच्याच, आणि त्यांची जी मुलं झाली ती ना इकडची ना तिकडची. अशी मुलं मिशनने गोळा करून वसतिगृहात ठेवली, त्यातली बरीच तर आईपासून तोडून आणलेली. येताना त्यांच्या तोंडात असायची टोक पिसिन, म्हणजे तिथली बाजारात, मळ्यावर चालणारी मिश्र भाषा. मिशनमध्ये ती बोलायला बंदी, फक्त जर्मन बोलायचं.

आता लहान पोरांवर बंदी घातली की काय होतं ते आपल्याला माहितीये. सिस्टरसमोर शुद्ध जर्मन, आणि सिस्टरची पाठ वळली की आपापसात भलतंच काहीतरी, शब्द जर्मन पण सांगाडा टोक पिसिनचा! त्याचं नाव पडलं 'उन्झरडॉइच', आपली जर्मन. बोलणारे स्वतः गमतीने 'कापुटेन डॉइच' पण म्हणायचे, मोडकी जर्मन.

पण मोडकी कसली, मला तर हुशारीच वाटते. जर्मनमध्ये डेर, डी, डास, आपल्या तो-ती-ते सारखंच, पुण्यात मॅक्समुल्लर भवनात क्लास लावलेल्या कुणालाही विचारा काय रडवतं ते. ह्या पोरांनी तिन्हीच्या जागी एकच 'डे' ठेवला, विषय संपला. अनेकवचनाची ती डझनभर रूपं? शब्दाआधी 'आले' लावा, म्हणजे 'सगळे', झालं अनेकवचन. आणि सगळ्यात भारी गोष्ट, आपलं 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं असतं ना, समोरच्याला धरून की सोडून, हा फरक जर्मनमध्ये नाहीच, तिथे दोन्हीला एकच 'विअर'. टोक पिसिनमध्ये मात्र आहे, 'यूमी' म्हणजे आपण, 'मिपेला' म्हणजे आम्ही. तर पोरांनी तो फरक जर्मन शब्द वापरून स्वतःच्या भाषेत आणला, 'वी' आणि 'उन्स' असे दोन शब्द केले.

1914 मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य आलं, जर्मन राज्य गेलं, पण मिशन राहिलं आणि ही मुलं मोठी होऊन एकमेकांशीच लग्नं करत राहिली, म्हणून वसतिगृहातली बोली थेट घरात आली, पुढच्या पिढीची मातृभाषा झाली. मग दुसऱ्या महायुद्धात जपानी आले, ते पण गेले, आणि 1975 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ह्यातले बहुतेक लोक ऑस्ट्रेलियात निघून गेले.

जगाला पत्ताच नव्हता. 1970 च्या दशकाच्या शेवटी क्रेग व्होल्कर हे ऑस्ट्रेलियात जर्मन शिकवत होते, वर्गातली एक मुलगी वेगळंच जर्मन बोलायला लागली, विचारलं तर म्हणे आमच्या घरी असंच बोलतात. तिथून अभ्यास सुरू झाला. 2014 पासून भाषाशास्त्रज्ञ पेटर माइट्स आणि त्यांच्या टीमने उरलेल्या म्हाताऱ्या लोकांची रेकॉर्डिंग्ज केली, बोलणारे तेव्हा शंभरच्या आसपास.

आपल्याकडे रायगडात कोर्लईला पोर्तुगीजांच्या मागे राहिलेली अशीच एक बोली आहे, तिचं नाव 'नो लिंग', अर्थ जवळपास तोच, 'आपली भाषा'.

वुनापोपेला आज जर्मन फारशी ऐकू येत नाही. टोक पिसिनमध्ये काही शब्द तेवढे राहिलेत, रबराला 'गुमी' म्हणतात, आणि काही काढून टाकायचं, कुणाला हाकलायचं असेल तर 'राउसिम'. मूळ जर्मन 'राउस'. म्हणजे, चल, बाहेर हो.