बांध नसलेलं शिवार

[दृश्य : नोव्हेंबरची सकाळ. नुकतं उगवलेलं गव्हाचं शेत. एक माणूस वाकून लांबवर बघतो आहे.]

एक डोळा मिटून तो ओळ धरतोय. पलीकडच्या टोकाला खुंटी दिसते. या टोकालाही एक असायला हवी होती, ती सापडत नाही. मधला गहू बोटभर वर आलाय. या गव्हात दोन शेतकऱ्यांची जमीन आहे, आणि दोघांच्या मध्ये बांध नाही, कुंपण नाही, तारही नाही.

मागून एक जण लाकडाची नवी खुंटी घेऊन येतो. दुसरा हातानंच खुणावतो, जरा डावीकडे. अजून जरा. बास. मग घण पडतो.

[घणाचा आवाज. तीन ठोके. मग शेत.]

हे लॅक्स्टन. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर काउंटीतलं खेडं, न्यूअर्क शहराच्या वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरवर. शेजारची मूरहाउस नावाची वाडी धरून यांचा एक पॅरिश होतो. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. पुढं स्थानिक कारभारातही तेच सगळ्यात लहान एकक ठरलं. आपण गाव म्हणताना त्यात गावाची शीवही धरतो, तसंच काहीसं.

[दृश्य : उंचावरून गाव.]

वरून बघितलं की या गावाची ठेवण लगेच कळते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल विटांची घरं, बरीचशी रस्त्याकडे आखूड बाजू करून उभी. घराच्या मागं खळं, गोठे, कोठारं, आणि त्यांच्याही मागं लांब चिंचोळी परसं. शेतकरी सगळे गावात. शेतात घर नाही. इंग्लंडमध्ये हे दृश्य आता दुर्मीळ आहे, कारण बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या जमिनीच्या मधोमध एकटं उभं असतं. आपल्याकडे वस्तीला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणायची रीत आहे. लॅक्स्टनमध्येही पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. फक्त इथली काळी तांबडी आहे.

[जवळून : बुटाला चिकटलेली माती.]

ही चिकणमाती. खालच्या तांबड्या चिखलखडकाची झीज होऊन झालेली. ओली झाली की दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो. अशी जमीन नांगरायला एक बैलजोडी पुरत नाही, आणि आठ बैल बाळगणं एका कुळाला परवडत नाही. म्हणून जुन्या काळी लोकांनी बैल एकत्र जुंपले. आणि एकत्र नांगरायचं, तर जमीनही त्याच हिशेबानं वाटायला हवी.

वाटणी अशी. गावाभोवती तीन मोठी शेतं, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. तिन्ही मिळून आज सुमारे ५०० एकर. प्रत्येक शेतात लांब लांब पट्ट्या, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी सरकते. तुमची सगळी जमीन एकाच शेतात असती, तर तिसऱ्या वर्षी ते पड राहिलं की तुमच्या घरी दाणा आला नसता. तिन्हीकडे थोडी थोडी असल्यामुळं कुणाची कोठी रिकामी राहत नाही. चांगल्या मातीतलाही वाटा प्रत्येकाला, पाणथळीतलाही प्रत्येकाला.

[दृश्य : तिरपं ऊन. कुरणात उमटलेल्या जुन्या पट्ट्यांच्या सावल्या.]

या सावल्या बघा. इथं आता गवत आहे, पण खाली जुनी नांगरट तशीच आहे. उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. रेघा सरळ नाहीत, टोकाला हलकेच वळलेल्या आहेत. बैलांची लांब रांग टोकाशी वळवायची, तर वळण आधीपासूनच घ्यावं लागायचं. त्या वळणाचा ठसा जमिनीत राहिला.

फर्लांग हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असायचा. शाळा घरापासून चार फर्लांग. तो शब्द मूळ या नांगराचा आहे. बैल न थांबता एका दमात जेवढा लांब तास ओढतील, तेवढं अंतर म्हणजे फर्लांग. त्याची पुढं मोजून २२० यार्ड अशी लांबी ठरली. आणि दिवसभरात एक नांगर जेवढी जमीन उलटवेल, ती एकर. सातबाऱ्यावर आपण ज्या एककात बोलतो, ते अशाच एखाद्या चिखलातल्या दिवसभराच्या कामाचं माप होतं.

[दृश्य : नकाशा. आधी पूर्ण, मग एकेक कोपरा.]

हा लॅक्स्टनचा नकाशा. साल १६३५. मार्क पियर्स नावाच्या मोजणीदारानं काढलेला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. एकेक पट्टी वेगळी दाखवलेली. सोबतच्या मोजणीच्या बाडात कुणाची किती, ते लिहिलेलं. आणि पट्ट्यांच्या मधून ही बारकी चित्रं. नांगर धरलेला माणूस. कापणी करणारी माणसं. हरणामागं लागलेले शिकारी. मोजणीदाराला हे काढायचं काही कारण नव्हतं. पण तो ज्यांची जमीन मोजत होता, ती माणसं त्याला दिसत होती.

नकाशा काढून घेतला तो जमिनीच्या तेव्हाच्या मालकानं, सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्यानं. हे नाव आपल्या किनाऱ्यालाही लागून गेलंय. त्याच १६३५ च्या अखेरीस राजा पहिला चार्ल्स यानं ईस्ट इंडिया कंपनीला बाजूला ठेवून कोर्टीनच्या मंडळींना पूर्वेच्या व्यापाराची परवानगी दिली. १६३६ मध्ये कॅप्टन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं निघाली, ती गोव्याला आली. १६३८ मध्ये कारवारला त्यांची वखार उभी राहिली. कोर्टीन स्वतः १६३६ मध्येच वारला. एकाच घराण्याच्या वहीत लॅक्स्टनची पट्टी आणि कोकणपट्टीची मिरी, दोन्ही होती.

[दृश्य : कुंपणांनी चौकोन पाडलेला आजूबाजूचा मुलूख, मग पुन्हा उघडं शिवार.]

अशी शेतं पूर्वी इंग्लंडच्या मध्यभागात गावोगाव होती. मग कुंपणं आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं अशा जमिनी बंदिस्त करणारे पाच हजारांहून अधिक कायदे केले. ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पट्ट्या एकत्र झाल्या, झाडांची कुंपणं लागली, गायरानं खाजगी झाली. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याच्याकडे फक्त गाय चारायची वहिवाट होती, तो शहराच्या वाटेला लागला.

लॅक्स्टन वाचलं. इथं दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. त्यांचं आपसात जुळेना, आणि वाटणीचं घोंगडं भिजत पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या एकत्र करून त्यांची संख्या कमी केली, त्यामुळं आजच्या पट्ट्या नकाशातल्यापेक्षा रुंद आहेत. पण शिवार उघडंच राहिलं.

[दृश्य : ट्रॅक्टरची ट्रॉली. आत माणसं, खुंट्यांचा भारा, घण.]

आता पुन्हा त्या सकाळकडे येऊ. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. आज ज्युरीचा दिवस. गावानं नेमलेले १२ जण, आपण त्यांना पंचच म्हणू, गहू पेरलेलं शेत तपासायला निघालेत. तिन्ही शेतं नाही, फक्त गव्हाचं. सगळे शेतकरी. ज्याची पट्टी तपासायची, तो बहुधा याच ट्रॉलीत बसलेला असतो.

तपासायचं काय? पहिलं, हद्दीच्या खुंट्या जागेवर आहेत का. नसतील तर दोन्ही टोकांवरून ओळ धरून नवी ठोकायची. दुसरं, कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत तास घातलाय का. तिसरं, कुणाचा नांगर रस्त्यात किंवा साइकमध्ये शिरलाय का.

साइक म्हणजे शेतांमधल्या ओलसर, उताराच्या, नांगर न घालण्याच्या जागा. आपण ओघळ म्हणू. त्या सगळ्यांच्या सामाईक आहेत. त्यांच्यावरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. कित्येक शतकं फाळ न लागल्यानं तिथं रानफुलांच्या अशा जाती टिकल्यात, की त्या साइकना आता संरक्षित जागेचा दर्जा आहे. फुलं दाखवता आली असती तर फार बरं वाटलं असतं. आम्ही गेलो तेव्हा नुसतं दवानं वाकलेलं गवत होतं.

[जवळून : साइकची कड. नांगराची शेवटची सर आणि गवत यांच्यातली रेघ. एक बूट त्या रेघेवर आडवा धरलेला.]

हे बघा. गवताची कड इथं आत गेलीय. एका बुटाची रुंदी. पंच थांबतात. एक जण आडवा बूट ठेवून बघतो, दुसरा पुढं जाऊन जुनी कड शोधतो. चर्चा फार होत नाही. मुख्य पंचाच्या वहीत पट्टी नोंदली जाते, आणि माणसं पुढं निघतात.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : बांध कोरणं. दरवर्षी एक तास, दरवर्षी चार बोटं. माझ्या घरात दीड हाताच्या बांधावरून दोन चुलत घरं अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. मोजणी तीनदा झाली. तारखांमागून तारखा पडल्या. ज्यांनी तो बांध पायाखाली घातला होता अशी म्हातारी माणसं गावात होती, पण त्यांना कुणी शेतावर बोलावलं नाही. निकाल लागला तेव्हा वडील नव्हते. मी इथं कॅमेरा घेऊन आलो तो हा दिवस बघायला. बारा शेजारी चिखलात उभे राहतात, वाकून बघतात आणि दुपारपर्यंत सांगतात की हद्द इथं आहे.

[दृश्य : डव्हकोट इन. बाहेर चिखलाचे बूट ओळीनं ठेवलेले.]

दुपारी गावच्या डव्हकोट इनमध्ये जेवण, आणि जेवणानंतर दंडाचा विचार. आठवड्यानं, पुढच्या गुरुवारी, याच ठिकाणी कोर्ट लीट, म्हणजे जमीनदाराच्या नावानं चालणारं जुनं गावकोर्ट, भरतं. जमीनदारानं नेमलेला स्टुअर्ड, जो वकील असतो, तो चालवतो. दंड जाहीर होतात, पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. रक्कम फार मोठी नसते, पण नाव सगळ्या गावासमोर वाचलं जातं. १९७७ च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार गेले. लॅक्स्टनच्या कोर्टाचा शेतांवरचा अधिकार राहिला.

[दृश्य : गावाच्या उत्तरेचा गवताळ टेकाड. मग चर्चचा आतला भाग.]

गावामागचा हा टेकाड म्हणजे नॉर्मन काळातला मातीचा किल्ला. इथं राहणाऱ्या घराण्यांकडे शेरवूडच्या जंगलाची, त्याच रॉबिनहूडच्या जंगलाची, वंशपरंपरेनं रखवाली होती. १०८६ मध्ये राजानं सगळ्या देशाची नोंद केली, तीत हे गाव आहे, जेफ्री अल्सेलिनच्या नावावर. सेंट मायकेल चर्चमध्ये त्या जुन्या घराण्यांची दगडी स्मारकं आहेत, आणि त्यांच्यात ही एक बाई, अख्खी ओकच्या लाकडात कोरलेली.

[चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. निवेदन नाही.]

१९५२ मध्ये मॅन्व्हर्स घराण्याची ही जमीन सरकारच्या शेतीखात्यानं घेतली, ती शेतीची पद्धत मोडू नये म्हणून. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि २०२० मध्ये मॅन्व्हर्सच्याच वारशातल्या थोर्स्बी इस्टेटकडे परत आली. शेतकरी मात्र पूर्वीपेक्षा कमी उरलेत, पड शेतावर गावाची गुरं चरायची ती आता तशी दिसत नाहीत, आणि एवढ्याशा जमिनीवर एका घराचं भागवणं अवघड झालंय.

[दृश्य : संध्याकाळ. रिकामी ट्रॉली गावाकडे जाते. सकाळची नवी खुंटी. लाकूड अजून पांढरं.]

पुढच्या नोव्हेंबरात पंच या शेतात येणार नाहीत. आज जे शेत पड आहे, तिथं तेव्हा गहू असेल, आणि ट्रॉली तिकडे वळेल. या खुंटीला तीन वर्षं उभं राहायचंय.

[घणाचा आवाज, लांबून. काळोख.]