भंगारात घालायच्या आधी जॅकचं बुच उघडून बघा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून कुठून ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आज हायड्रॉलिक जॅकबद्दल बोलूया. कारमधल्या स्क्रूच्या जॅकबद्दल नाही हं, पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात तो बाटली जॅक, आणि गॅरेजमधला चाकांचा ट्रॉली जॅक.

भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी पिकअप मध्यरात्री पंक्चर होते, सीटमागचा जॅक काढून हँडल मारत बसलं तरी गाडी काय उठत नाही, मग माणूस वैतागून घरी आल्यावर तो जॅक थेट भंगारात घालतो. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण असल्या बऱ्याच जॅकला झालेलं काहीच नसतं, आतलं तेल कमी झालेलं असतं किंवा हवा धरलेली असते, बस्स.

हे यंत्र किती साधं आहे बघा. आत एक बारीक पिस्टन आणि एक जाड. समजा बारीक १० मिलिमीटरचा आणि जाड ३० चा, तर जाडाचं क्षेत्रफळ ९ पट होतं, आणि हँडलच्या लांबीमुळे आणखी १० पट मिळाले तर तुमच्या हाताचा २० किलोचा जोर वर १८०० किलोचा होतो, घर्षणात थोडा जातो तेवढा सोडून. पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच शिकलाय, तोच हा, आणि ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये त्याच्यावरच हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे दाबयंत्राचं, पेटंट घेतलं होतं. पण तेल दबत नाही म्हणून हे सगळं चालतं, हवा दबते. आत हवा शिरली की हँडल नुसतं पोकळ लागतं.

आता तेल कुठलं, इथेच सगळा घोळ होतो. हायड्रॉलिक जॅकचं तेल मागा, नाहीतर ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल. ब्रेक ऑइल अजिबात घालू नका! नावात ऑइल असलं तरी ते खनिज तेल नाहीच, जॅकमधले रबरी सील त्याने फुगतात आणि मऊ पडतात, शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणजे आतून गंज. पहिले काही दिवस जॅक मस्त चालतो आणि मग सगळीकडून गळायला लागतो. इंजिन ऑइलही नको, ते जाड पडतं.

भरताना जॅक सपाट जागी उभा ठेवा, रिलीज स्क्रू, म्हणजे जॅक खाली उतरवायला फिरवतो तो, सैल करा आणि रॅम, म्हणजे वर येऊन गाडी उचलणारा तो जाड पिस्टन, पूर्ण खाली दाबा. हे महत्त्वाचं आहे हो, कारण रॅम वर असताना जॅकच्या आतल्या टाकीतलं तेल रॅमखाली गेलेलं असतं, त्यावेळी भरलं की रॅम खाली येताना ते सगळं परत येतं आणि बुच उडून बाहेर. बाजूला रबरी बुच असतं, त्याच्याभोवतीची माती आधी पुसून घ्या मग ते उचकटा, आपल्या खानापूर भागातली लाल माती म्हणजे नुसती पूड, एक कण आत गेला तरी व्हॉल्व्हच्या बॉलखाली, म्हणजे तेल अडवणाऱ्या स्टीलच्या छर्‍याखाली, अडकतो. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत, त्याच्या वर नको. मग स्क्रू सैलच ठेवून हँडल दहा-पंधरा वेळा भराभर मारा, हवा निघते, तेल खाली गेलं तर परत थोडं घाला, बुच लावा, स्क्रू बंद करा.

जुनं तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. जॅक उलटा करून सगळं काढा, थोडं नवीन तेल घालून पंप मारून तेही काढून टाका, मग भरा. आपल्याकडे जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस बघता पावसाळा संपला की एकदा हे बघावंच. रॅमवर गंज चढला की तोच सील फाडतो, म्हणून रॅम नेहमी खाली दाबून, तेलाचं फडकं फिरवून, जॅक उभाच ठेवायचा. आडवा टाकला की बुचातून पाझरतो.

भार घेतल्यावर जॅक हळूहळू बसतोय, बाहेर थेंब पण नाही, असं असेल तर व्हॉल्व्हखाली घाण असते. रिलीज स्क्रू पूर्ण काढताना खाली ताट धरा, आतून बारीक स्टीलचा छर्रा पडतो, तो मातीत गेला की सापडणं मुश्किल. पुसून परत बसवा, आणि स्क्रू हाताच्या बेताने आवळा, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून जोर केला की छर्‍याची बैठकच खराब होते. दुसरा एखादा सील केलेला स्क्रू दिसला तर तो जास्त भाराचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याला हात लावायचा नाही.

रॅमजवळून तेल गळत असेल तर मात्र सील गेला. ऑटोनगरात किंवा उद्यमबागेकडे जाताना जुना सील सोबत न्या, अंदाजाने आणू नका. बेळगावात हायड्रॉलिकचे पार्ट्स बनवणारे कारखाने आहेत, माहितगार माणूस इथे मिळतोच.

दुरुस्त केलेला जॅक आधी रिकाम्या गाडीला लावून तपासा, चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, उसाच्या रानात असाल तर खाली जाड फळी टाकून, काळी माती जॅकलाच गिळते. दहा मिनिटं तशीच उचललेली ठेवा, आणि तेवढ्या वेळात कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. खाली काम करायचंच असेल तर लोखंडी घोडी लावून भार तिच्यावर घ्या, मगच आत शिरा.