परवानगीच्या टेबलावर बसणारी माणसं

दृश्य : सिव्हिल लाईन्स. महापालिकेची इमारत, नगररचना विभागाकडे जाणारा जिना.

नागपुरात घर बांधायचं, तर सहसा आधी प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो. जागा कोणाच्या हद्दीत आहे, त्यावर महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ते ठरतं. पण दार कुठलंही असो, प्लॅन पहिल्यांदा तपासायला जातो कनिष्ठ अभियंत्याकडे किंवा रचना सहायकाकडे. त्याने रस्त्याची रुंदी चुकीची धरली, तर वरच्या सगळ्या सह्या त्या चुकीवरच होतात.

हा माणूस कार्यालयात येतो कसा?

आकृतिबंधात, म्हणजे कार्यालयाच्या मंजूर पदांच्या आराखड्यात, पद मंजूर लागतं. मग बिंदूनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला याची क्रमवार नोंद, विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. इथे घाई केली की पुढे भोगावं लागतं. एक बिंदू चुकला, की जाहिरातीला शुद्धिपत्रक निघतं, नाहीतर प्रकरण न्यायालयात जातं आणि भरती थांबते. त्यानंतर संगणकावर परीक्षा, उत्तरतालिका, हरकती, निवड यादी, कागदपत्रांची पडताळणी. अनेक उमेदवार एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी निवडले जातात आणि रुजूच होत नाहीत. म्हणून प्रतीक्षा यादीतल्या उमेदवारांना लगेच बोलवायला हवं. त्या यादीला मुदत असते.

परीक्षा पर्यायी उत्तरांची असते आणि या पदांना मुलाखत नाही. वशिल्याला आळा बसला, हे फार चांगलं झालं. मात्र नकाशा वाचता येतो का, नागरिकाला समजेल असं पत्र लिहिता येतं का, हे परीक्षेतून कळत नाही. ते शिकवायची जबाबदारी कार्यालयावर येते.

दृश्य : धरमपेठ, व्हीआयपी रोड. वनामतीचं आवार.

वनामती या प्रशिक्षण संस्थेत शासकीय कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं होतात. रजेचे नियम, टिप्पणी कशी लिहावी, माहिती अधिकार, लोकसेवा हक्क हे सगळं वर्गात नीट शिकता येतं. प्लॅन तपासणं मात्र फाईल समोर ठेवूनच शिकावं लागतं.

दृश्य : टेबलावर उघडी फाईल. बोट एकेका कागदावरून फिरतंय.

सुरुवात निकाली निघालेल्या जुन्या फायलींपासून करावी. मालकीचा कागद आधी : सातबारा किंवा आखिव पत्रिका (शहरी जागेचा मालकीचा उतारा). मग भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. नागपुरात आणखी एक कागद महत्त्वाचा, तो म्हणजे आरएल, म्हणजे अनधिकृत लेआऊटमधल्या प्लॉटचं नियमितीकरण पत्र. 572 आणि 1900 लेआऊट ही अशा अनधिकृत लेआऊटच्या गटांची नावं इथे प्रत्येकाला ठाऊक आहेत. अशा प्लॉटचं आरएल, डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरल्याची पावती आणि विक्रीपत्र या तिन्हींतलं क्षेत्रफळ आणि प्लॉट क्रमांक जुळला पाहिजे. नवा माणूस आरएल जोडलंय एवढं पाहून पुढे जातो. त्यातलं क्षेत्रफळ विक्रीपत्रापेक्षा कमी आहे, हे त्याला दिसत नाही, कारण ते पाहायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दृश्य : वस्तीतला रस्ता. दोन माणसं टेप धरून उभी.

हा सराव सर्वांत महत्त्वाचा. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020मध्ये आली. तिच्यानुसार बिगर-दाटीच्या भागात रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल, तर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) 1.10 आणि त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता 9 ते 12 मीटर असेल, तर महापालिकेच्या हद्दीत तोच प्लॉट 2.00पर्यंत जातो. 300 चौरस मीटरच्या प्लॉटवर हा फरक 330 आणि 600 चौरस मीटरचा झाला, तोही अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिना वगैरेंसाठी मिळणारं जादा क्षेत्र) धरण्याआधी!

म्हणून टेप डांबराच्या कडेपासून लावायचा नाही. प्लॉटच्या हद्दीपासून समोरच्या हद्दीपर्यंत मोजायचं, तेही तीन ठिकाणी. ओटे आणि रॅम्प पुढे आलेले असतात, ते वेगळे नोंदवायचे. मंजूर लेआऊटमधली रुंदी आणि जागेवरची रुंदी, दोन्ही आकडे टिप्पणीत यायला हवेत. ऑनलाइन प्रणाली आर्किटेक्टने काढलेल्या रेषा मोजते. नकाशात 9 मीटर लिहिलं असेल, तर तिच्या लेखी रस्ता 9 मीटरचाच. जागेवर जाणाऱ्या माणसाची गरज इथेच पडते.

दृश्य : संगणकावर टाइप होणारं त्रुटीपत्र.

नगररचना अधिनियम 1966चं कलम 45 सांगतं, की 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारा प्रस्ताव मंजूर मानला जातो. कार्यालयाने माहिती मागवली असेल, तर दिवस मोजायचे ते उत्तर मिळाल्यापासून. यातूनच एक वाईट सवय लागते. आज एक त्रुटी, उत्तर आलं की दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी नागरिक नव्याने आर्किटेक्टकडे धावतो आणि बँकेचं कर्ज अडून राहतं.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यापासून शिकवावं : सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, प्रत्येकीसमोर नियमाचा क्रमांक, मोजलेला आकडा आणि लागणारा आकडा. ‘मार्जिन अपुरे’ (इमारतीभोवती सोडायची जागा, म्हणजे सामासिक अंतर, कमी) एवढंच लिहिलं तर कुणाला काही कळत नाही. ‘उत्तरेकडचं सामासिक अंतर नकाशात 1.20 मीटर, आवश्यक 1.50’ असं लिहिलं, तर दुरुस्ती एका फेरीत होते. काही महिने तरी नव्याचं प्रत्येक त्रुटीपत्र ज्येष्ठाने वाचावं आणि सुटलेली त्रुटी त्याला दाखवावी.

लोकसेवा हक्क अधिनियम 2015खाली विनाकारण उशीर केला, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. भीती घालण्यासाठी हे सांगू नये. आपल्या टेबलावर मोजलेला प्रत्येक दिवस कुणाच्या तरी घराचा असतो, एवढं त्याला कळायला हवं.

आणि बदली झाली, की कार्यभार यादीत नुसते फाईल क्रमांक पुरत नाहीत. प्रत्येक फायलीपुढे कितवा दिवस चालू आहे, त्रुटीपत्र कधी गेलं, उत्तर कधी आलं आणि जागा पाहिली की नाही, या चार नोंदी करूनच टेबल सोडावं.