मामांच्या मोटरीतला मुंजा

राम राम मंडळी.

आज सकाळपासून तुम्ही किती कॉम्प्युटरांना हात लावला, जरा आठवा. कुणी म्हणेल एक, मोबाइल. कुणी म्हणेल एकही नाही, मी तर पहाटेपासून शेतात होतो. मी म्हणतो, घरातच मोजायला बसा, दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. लाइट गेली की आपोआप सुरू होणारा इन्व्हर्टर घ्या. टीव्हीखालचा डबा घ्या, त्याचा रिमोट घ्या. इंडक्शनची शेगडी, वॉशिंग मशीन, वाण्याकडचा आकडे दाखवणारा वजनकाटा, खिशातलं एटीएम कार्ड. आणि 1 एप्रिल 2020 नंतर तयार झालेली मोटरसायकल असेल तर तीही, कारण गाडीचा धूर कमी करायचा बीएस सिक्सचा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचा पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते सीटखालचा एक डबा ठरवतो. त्या डब्यात कॉम्प्युटर आहे. आपला नेहमीचा मिस्त्री गाडी उघडून डोकं का खाजवतो, ते आता कळलं असेल.

मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. पूर्वी कुठलंही मशीन उघडलं की आत काय चाललंय ते दिसायचं. चाक फिरायचं, दाता सरकायचा, खटका पडायचा. आता उघडलं की हिरव्या पट्टीवर झुरळासारखी काळी चिप बसलेली असते. दोन्ही बाजूंना पाय, आणि तोंडातून शब्द नाही.

ही झुरळं आली कुठून? 1971 साली इंटेल कंपनीनं 4004 नावाची चिप बाजारात आणली. मूळ मागणी एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीची होती. त्या चिपमध्ये सुमारे 2300 ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे बारीक खटके, होते. आमच्या वेळचा रेडिओ आठवा, त्यात सात-आठ ट्रान्झिस्टर असायचे आणि तेवढ्यावर आम्ही त्या अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचो! पुढे हिशेब करणारा मेंदू, आठवण ठेवायची जागा आणि बाहेरच्या वायरी जोडायचे पाय, हे सगळं एकाच चिपमध्ये बसवलं गेलं. तिला म्हणतात मायक्रोकंट्रोलर. आज साधा मायक्रोकंट्रोलर एक-दोन प्लेट कचोरीच्या पैशांत मिळतो, म्हणून तो कशातही बसवतात.

आता हे नीट ऐका, मी पुन्हा सांगणार आहे. या चिपच्या पोटात काय करायचं ते आधीच भरून ठेवलेलं असतं. वॉशिंग मशीनमधली चिप कपडेच धुणार, वजनकाट्यातली चिप वजनच करणार. ती सांगितलेलं करते. सांगितलेलं तेवढंच करते. स्वतःच्या मनानं काही करत नाही, कारण तिला मन नाही.

माझ्या सुनेच्या ओव्हनवर भरतासाठी वेगळं बटण आहे. बटण दाबलं की चिप मिनिटं मोजते आणि टुंग करते. वांगं शिजतं, नाही म्हणत नाही. पण कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर साल करपून जो वास येतो, तो त्या चिपला कुणी सांगितलेलाच नाही. शिजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी जेवायला येणार नाही.

एटीएम कार्डावरचा तो सोनेरी चौकोन असतो ना, त्याच्यामागेही असाच छोटा कॉम्प्युटर आहे. तो एरवी झोपलेला असतो. कार्ड मशीनमध्ये घातलं की मशीनकडून वीज मिळते आणि तो जागा होतो. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगचंही तसंच. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरी अंगावर पडल्या की तेवढ्यापुरता जीव येतो, आपला नंबर सांगतो, आणि पुन्हा झोपतो. काही मीटरच्या पलीकडे त्याचा आवाज जात नाही. आणि 2016 साली आपण काय म्हणत होतो? दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते! चांगली शिकलेली माणसं ती नोट उन्हात धरून चिप शोधत होती. नोटेत कागद, शाई आणि सुरक्षा धागा होता. नव्हती तिथे आपण चिप शोधत होतो. होती तिथे मात्र आमच्या मामांना मुंजा दिसला. तीच गोष्ट सांगायला मी आज आलोय, बाकी सगळं तोंडी लावणं.

माझे मामा चोपडा तालुक्यातले. केळीचा बाग, ठिबक, विहिरीत पाणबुडी मोटर. शेताची लाइट कशी असते तुम्हाला सांगायला नको. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जायचा मामांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्या डब्यात सिम कार्ड असतं, मोबाइलसारखं घंटी ऐकणारं एक यंत्र असतं आणि ती आपली काळी चिप असते. चिप सारखी विचारत बसते, घंटी वाजली का? घंटी वाजली का? वाजली की खटका ओढते, मोटर सुरू. मामांच्या डब्याचा नियम अगदी साधा. पहिला मिस्ड कॉल आला की चालू, दुसरा आला की बंद.

पहिले तीन आठवडे मामा राजासारखे होते. खाटेवर पडून मोटर चालू करायचे आणि आल्या-गेल्याला ऐकवायचे.

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, ऊन चव्वेचाळीसच्या पुढे, आणि मोटर आपोआप चालू व्हायला लागली. तीही भर दुपारी बाराच्या टायमाला. मामा शेतात जाऊन पाहतात तर मोटर धो धो चालू. बंद करून घरी यावं, तर संध्याकाळी शेजारचा सांगत यायचा, आबा, तुमची मोटर चालू आहे. कधी मोटर बंद, पण केळीखालची जमीन ओलीगच्च. उन्हाळ्यात विहिरीला पाणी ते किती? तासा-दोन तासांत उपसा होतो. पुढे मोटर कोरडी चालली की वाइंडिंग जळलंच म्हणून समजा.

मामांचा पहिला संशय सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर. आता खानदेशात आखाजी म्हणजे सालदाराचं साल संपायचा दिवस. ठेवायचा की बदलायचा, ते त्याच दिवशी ठरतं. नऊ वर्षं एका घरी राबलेला माणूस. तो आपला म्हणतोय, "आबा, मी नही चालू कयी." मामा ऐकायला तयार नाहीत. त्यांनी मनात दुसरा सालदार ठरवूनसुद्धा टाकला होता.

दुसरा संशय मुंजाचा. विहिरीजवळ पिंपळ आहे. पिंपळ, दुपारचे बारा आणि आपोआप सुरू होणारी मोटर. गावाला आणखी काय पाहिजे? शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, नारळ ठेवा. मामा पुरोगामी माणूस, भाषण करतात, पण नारळ ठेवला. तो दुसऱ्या दिवशी गायब झाला आणि मोटर चालूच. नारळ कुणी नेला ते मात्र आजपर्यंत कळलेलं नाही.

आखाजीला मी गेलो. आमरस आणि खापरावरचे मांडे खाऊन जरा पडावं म्हटलं, तर मामा उशाशी येऊन बसले. म्हणाले, "भाचा, मन्ही मोटर मन्हं ऐकत नही."

मी विचारलं, डब्याचा नंबर कुणाकुणाला दिलाय? म्हणे कुणालाच नाही. सिम कधी घेतलं? महिन्यापूर्वी, नवं कोरं. इथे माझ्या डोक्यात घंटी वाजली. मंडळी, सिम नवं असतं, नंबर नवा असेलच असं नाही. कुणाचा नंबर बंद पडला तर किमान 90 दिवस थांबून तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते.

आम्ही शेतात गेलो, डबा उघडला, सिम काढलं आणि माझ्या जुन्या मोबाइलमध्ये घातलं. मी, मामा, पिंपळाकडे पाठ करून उभा असलेला सालदार, आणि मागून काय होतं ते बघायला आलेल्या मामी. बाराला दहा कमी होते. बारा वाजले. बारा वाजून पाच मिनिटं झाली. आणि फोन वाजला.

मी स्पीकर चालू केला. गोड आवाजात एक बाई म्हणाल्या, प्रिय ग्राहक, आपल्या दुचाकी कर्जाचे हप्ते थकलेले आहेत, कृपया त्वरित भरणा करावा.

मामांनी माझ्या हातातून फोन ओढला. "माले कोनंच देनं नही!" बाईंनी मामांना न जुमानता दंडाची रक्कम सांगितली. मामांनी सात-बारा काढला, वडिलांचं नाव सांगितलं, अख्ख्या तालुक्यात आपली उधारी नाही हे सांगितलं. बाई म्हणाल्या, हा संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.

कारण तिकडे बाई नव्हतीच! कुणा फायनान्स कंपनीचा कॉम्प्युटर यादीतले नंबर फिरवत होता. त्या नंबरचा जुना मालक हप्ते बुडवून गेला होता. तिकडून कॉम्प्युटर फोन लावत होता, इकडे विहिरीवर कॉम्प्युटर घंटी ऐकत होता. तो म्हणत होता पैसे भरा, हा समजत होता पाणी भरा. दिवसातून एक फोन आला की मोटर चालू. दोन आले की चालू होऊन बंद. मधल्यामध्ये केळीला पाणी, आणि मध्ये माणूस एकही नाही.

मामी पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "मुंजा फायनान्सना निंघना!"

मी मामांना विचारलं, डबा बसवताना वायरमननं काही विचारलं होतं का, कुठल्या नंबरचं ऐकायचं म्हणून? मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हो, विचारलं होतं. फक्त तुमच्याच नंबरवर चालू करू का, असं म्हणाला. मीच बोललो, कुणाच्याही फोनवर चालू होऊ दे, कटकट नको.

म्हणजे पाहा. चिपनं सांगितलेलं केलं. सांगितलेलं तेवढंच केलं. सांगणारे मामाच होते.

ज्यांच्याकडे असा स्टार्टर आहे त्यांनी एवढं करा. आपल्या घरातले दोन-तीन नंबर त्यात नोंदवून घ्या आणि बाकीच्यांचं ऐकू नको असं सेटिंग करून घ्या. पुन्हा सांगतो, नंबर नोंदवून घ्या. बहुतेक डब्यांत ही सोय असते, वायरमनला विचारा. मोटर कोरडी चालली तर आपोआप बंद पडण्याची सोयही बऱ्याच डब्यांत असते, पण ती चालू केलेली नसते. आणि हो, कंपन्यांनी त्या डब्याबरोबर मराठी माहितीपत्रक द्यावं. बारीक इंग्रजी अक्षरांतला कागद विहिरीवर कुणी वाचायचा? असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत.

सालदाराचं काय झालं ते राहिलं. मामांनी माफी मागितली नाही, त्या पिढीला ते जमत नाही. मामींनी त्याच्या घरी मांड्यांचा डबा आणि आमरसाचा गडू पाठवला, आणि साल पुढे चालू झालं. यंदा दहावं. डब्यात आता तीन नंबर नोंदवलेत. मामांचा, मामींचा आणि सालदाराचा. फायनान्सचे फोन अजून येतात म्हणे, रोज बाराला. डबा ऐकत नाही.

नमस्कार.