टनाला पाऊण ग्रॅमसुद्धा नाही : सोडियम सेलेनाइट आणि आपलं पशुखाद्य

(पशुखाद्य तयार करणारे, पशुवैद्यक आणि दूध-अंडी व्यावसायिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात हिशेबानंच करू. सेलेनियम हे जनावराला अगदी थोडं लागणारं खनिज द्रव्य. एक टन खाद्यात ते किती घालायचं? अमेरिकेत वरून घालायच्या सेलेनियमची मर्यादा किलो खाद्यामागे ०.३ मिलिग्रॅम आहे. आज तोच आकडा धरू. म्हणजे टनाला ३०० मिलिग्रॅम सेलेनियम. आपण ते बहुतेक वेळा सोडियम सेलेनाइट या त्याच्या मिठाच्या रूपात घालतो आणि त्यात वजनानं सुमारे ४५ टक्के सेलेनियम असतं. म्हणजे टनाला सेलेनाइट लागलं साधारण ०.६६ ग्रॅम. पन्नास किलोची वीस पोती, आणि त्यात हे एवढंसं. कामगारानं अंदाजानं चहाचा एक चमचा टाकला, त्यात पाच ग्रॅमच बसले असं धरलं, तरी मात्रा साडेसात पट झाली. माझं आजचं सगळं बोलणं या एका वजनाभोवती आहे.

पदार्थ कसा आहे ते आधी पाहू. पांढरी, वास नसलेली स्फटिकी पूड, दिसायला बारीक मिठासारखी. पाण्यात सहज विरघळते, हवेतली ओल धरते. उंदरांवरच्या चाचण्यांत तोंडावाटे किलो वजनामागे सातेक मिलिग्रॅमला निम्मे उंदीर दगावतात. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सेलेनाइटं विषारी पदार्थांच्या सर्वांत कडक गटात मोडतात. काचेच्या कारखान्यात लोहामुळे येणारी हिरवट झाक घालवायलाही ते वापरतात. त्यात मी शिरत नाही.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हेच मीठ वेगळ्या रूपात माहीत असतं. टायफॉइडच्या संशयात शौचाचा नमुना ‘सेलेनाइट एफ ब्रॉथ’ या जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात घालतात. लाइफसन यांनी १९३६ साली हे माध्यम मांडलं. त्यातलं साधारण ०.४ टक्के सेलेनाइट आतड्यातल्या इतर जिवाणूंना काही तास दाबून ठेवतं आणि साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या गटातले जिवाणू, वाढू देतं. हा ब्रॉथ जास्त तापवला की नळीच्या तळाशी विटकरी लाल गाळ बसतो. तो मोकळा झालेला सेलेनियम, आणि असं माध्यम मग टाकून द्यावं लागतं.

हाच लाल रंग आपल्याही कामाचा आहे. सेलेनाइटच्या स्वच्छ द्रावणात क जीवनसत्त्व टाकलं की द्रावण नारिंगी होत होत लाल पडतं. लाल सेलेनियम पाण्यात विरघळत नाही आणि जनावराच्या अंगी फारसं लागत नाही. उन्हाळ्यात कोंबड्यांच्या पाण्यात क जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं टॉनिक एकाच बादलीत कालवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. औषधाचे पैसे जातात आणि पक्ष्याला काही मिळत नाही.

आता, इतकं विषारी मीठ आपण खाद्यात घालतोच का? १९५७ पर्यंत सेलेनियमकडे बहुतांशी विष म्हणूनच पाहत. त्या वर्षी क्लाउस श्वार्ट्झ आणि काल्विन फोल्ट्झ यांनी दाखवलं की उंदरांच्या यकृताचा नाश अत्यल्प सेलेनियमनं टळतो. १९७३ मध्ये कारणही उलगडलं : पेशीतली घातक पेरॉक्साइडं निकामी करणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) सेलेनियमवाचून चालत नाही. कोकरा-वासरांचे स्नायू पांढरे पडून ती उभीच राहू शकत नाहीत, त्या रोगाचं मूळही याच कमतरतेत निघालं.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती चीनमधली गोष्ट. हेलोंगच्यांग प्रांतातल्या केशान तालुक्यात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक रोग उसळला. त्या भागाचंच नाव त्याला पडलं. सेलेनियम कमी असलेल्या जमिनींच्या पट्ट्यात तो मुलांना आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना गाठायचा. १९७४ मध्ये सिचुआनमधल्या मियानिंग इथे एक ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली : पाच वर्षांपर्यंत अर्धा मिलिग्रॅम, त्यापुढे एक. त्या वर्षी गोळी न मिळालेल्या ३,९८५ मुलांत ५४ जणांना रोग झाला. गोळी मिळालेल्या ४,५१० मुलांत १० जणांना. फरक इतका स्पष्ट होता की पुढे सगळ्याच मुलांना गोळी सुरू केली. रोगात कॉक्सॅकी विषाणूचाही हात असल्याचं नंतर पुढे आलं, पण त्यानं या आकड्यांचं मोल कमी होत नाही. आठवड्याला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मिठानं मुलं वाचली.

आणि त्याच चीनमध्ये, हुबेई प्रांतातल्या एनशी भागात, १९६० च्या दशकात लोकांचे केस झडले, नखं गळून पडली. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर. तिथून ते मातीत, मक्यात, भाज्यांत उतरलं होतं. आपल्याकडे पंजाबात, शिवालिकच्या पायथ्याच्या होशियारपूर आणि नवांशहर भागात तसे पट्टे आहेत. तिथला चारा खाऊन म्हशींची खुरं तडकतात, सुटून येतात, शेपटीचे केस जातात. केस, नखं आणि खुरं ज्या केराटिनची बनतात, त्यात गंधकाचे दुवे असतात. सेलेनियम गंधकाच्या जागी बसतं आणि ते दुवे कच्चे राहतात. म्हणून हळूहळू चढणारं विष पहिल्यांदा खुरात दिसतं.

एकदम चढलेलं विष खुरापर्यंत थांबत नाही. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टन इथे यूएस ओपन पोलो स्पर्धेच्या वेळी एकाच संघाचे २१ घोडे पाहता पाहता दगावले. सामन्याआधी त्यांना जीवनसत्त्वं आणि क्षारांचं इंजेक्शन दिलं होतं, आणि ते तयार करताना एका घटकाचं प्रमाण चुकलं होतं. तपासणीत घोड्यांच्या अंगात सेलेनियम प्रचंड सापडलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात लेबलवरच्या २०० मायक्रोग्रॅमऐवजी मात्रेमागे ४०,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम निघालं आणि दहा राज्यांत २०१ माणसं आजारी पडली. दोन्हीकडे देण्याचा हेतू चांगला होता. चुकलं ते प्रमाण.

आपल्याकडे ते कुठे चुकू शकतं? पहिली जागा लेबल. सेलेनाइट दोन रूपांत मिळतं. कोरड्या रूपात ४५ टक्के सेलेनियम, पाण्याचे पाच रेणू धरलेल्या रूपात ३० टक्के. पुढे, पिशवीवर ‘१ टक्का’ लिहिलेलं असतं ते सेलेनियम एक टक्का की सेलेनाइट एक टक्का? या एका प्रश्नानं मात्रा दुपटीहून जास्त बदलते. उत्तर लेखी घ्या, फोनवर नको.

दुसरी जागा मिक्सर. शुद्ध सेलेनाइट थेट टनाच्या मिक्सरमध्ये कधीच जाता कामा नये. पापडाच्या पिठात खार घालताना तो आधी पाण्यात विरघळवून घेतात, कोरडा भुरभुरत नाहीत; इथेही आधी पसरवून मगच मिसळायचं, फक्त पाण्याऐवजी कोरड्या पुडीत. आधी चुनखडीच्या पुडीत एक टक्का सेलेनियमचं प्रीमिक्स, म्हणजे आधीच सौम्य केलेलं मिश्रण, असावं, म्हणजे टनाला ३० ग्रॅम लागेल. ते ३० ग्रॅम आणखी दोन-तीन किलो भरड्यात कालवा आणि मग मिक्सरमध्ये टाका. छोट्या कारखान्यांनी प्रीमिक्स तयारच आणावं, असं माझं ठाम मत आहे. मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा आणि धूर-धूळ ओढणारी सोय नसेल तर शुद्ध पदार्थ आवारातच नको.

तिसरी जागा गोठा. मागच्या वेताला वार अडकली होती म्हणून गाभण गाईला व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं इंजेक्शन दिलं जातं. शिवाय खुराकात मिनरल मिक्श्चर असतं, वरून कुणी टॉनिकची बाटली देतं. तिन्हींत सेलेनियम. तोंडावाटे दिलेल्या सेलेनाइटचा काही भाग गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव निरुपयोगी करून टाकतात, इंजेक्शनात ती सवलत नाही. डॉक्टरांनी सुई भरण्याआधी ‘खुराकात काय चालू आहे?’ एवढं विचारावं आणि मालकानंही बाटल्या-पिशव्या आणून दाखवाव्यात. विषबाधा झाली तर तिच्यावर ठरलेला उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात.

राहिली ते हाताळणाऱ्या माणसांची काळजी. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे, आणि अमेरिकी मानकानुसार ४०० च्या वर जाऊ नये. युरोपनं २०२३ मध्ये ही मर्यादा २५५ वर आणली. पूड उडते तेव्हा नाकावाटे किती गेलं ते कळत नाही. मास्क आणि हातमोजे घालूनच पिशवी फोडा, गाभण जनावराइतकीच गरोदर बाईचीही काळजी घ्या आणि तिला या कामावर ठेवू नका. लसूण न खाता कामगाराच्या श्वासाला लसणासारखा वास येत असेल तर शरीर जादा सेलेनियम वायुरूपात बाहेर टाकतंय असं समजा. त्याला त्या कामावरून लगेच हलवा, डॉक्टरांकडे न्या आणि जाताना पिशवीवरचं लेबल सोबत घ्या. सेलेनाइटच्या रिकाम्या पिशव्यांत धान्य किंवा पेंड भरू नका. त्या पुरवठादाराला परत द्या.